गुरगावचं विरजण

पुण्याहून निघाले तेव्हा पिशवीत आईने दिलेला विरजणाचा डबा होता आणि परतीची दोन तिकिटं. दुसरं तिकीट मीनलचं, माझ्या धाकट्या बहिणीचं. ती नोकरीसाठी गुरगावला गेली आणि पहिल्याच हिवाळ्यात फोनवर रडली, "आई, इथे दहीसुद्धा लागत नाही गं!" आईने हुकूम सोडला, "जाऊन बघ. रमली नसेल तर सरळ घेऊन ये."

दिल्लीत निझामुद्दीनला उतरले तर डब्याचं झाकण सैल झालेलं आणि माझा एकुलता एक स्वेटर आंबट. तळाशी चमचाभर विरजण उरलं होतं, एवढंच नशीब.

"बैठो जी, सब सेट है," रिक्षावाला म्हणाला आणि हरयाणाच्या हद्दीवर थांबला. पुढे तो जाणार नव्हता. त्याने मला एका खचाखच भरलेल्या जीपमध्ये कोंबलं. "लो जी, आपको सेट कर दिया!"

जीपमध्ये शेजारच्या बाई कौतुकाने सांगत होत्या, "बेटा कनाडा में सेट है." एकीकडे मोहरीची पिवळी शेतं, दुसरीकडे काचेच्या नव्या कोऱ्या इमारती. नाक्यावर झाडाखाली एक न्हावी गिऱ्हाइकाची दाढी सेट करत होता. एवढ्याशा शब्दाला इथे भलतंच काम पडतं, याची मला गंमत वाटू लागली.

मीनलचा 'टू रूम सेट' (दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर) घरमालकीणबाईंच्या वरच्या मजल्यावर होता. मीनल मला बिलगली. वाळली होती. तिकिटाचं सांगितल्यावर "बघू ना ताई," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी तिने दुधाला विरजण लावलं आणि पातेलं पुण्यासारखंच ओट्यावर ठेवलं. तेवढ्यात घरमालकीण आंटीजी गाजरं घेऊन वर आल्या आणि पातेलं पाहून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"हाय रब्बा! जनवरी में ऐसे दही सेट होगा? रोज़ ऐसे ही रखती थी? मुझसे पूछा क्यों नहीं, पगली?"

"आपको तकलीफ़…" मीनल पुटपुटली.

"कैसी तकलीफ़? बेटी है तू मेरी!"

त्यांनी पातेलं शालीत गुंडाळलं, कणकेच्या डब्यात बसवलं आणि वर रजई टाकली. मग तिघींनी मिळून गाजरं किसली. मीनल पहिल्यांदाच खळखळून हसली आणि मला फार बरं वाटलं.

सकाळी तिने पातेलं तिरकं केलं. दही हललं नाही. पहिली वाटी ती धावत खाली देऊन आली. मग माझा रिकामा डबा धुतला, त्यात दोन चमचे दही घातलं आणि झाकण फडक्याने घट्ट बांधलं. "हे आईला दे. आणि माझं तिकीट रद्द कर."

पुण्याला दार उघडताच आईने माझ्या मागे पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं. 'सेट आहे गं ती' म्हणावं असं ओठांवर आलं होतं, पण मी नुसता डबा पुढे केला. आईने फडकं सोडलं, बोटावर दही घेऊन चाखलं. डोळे भरून आले तिचे.

"छान लागलंय," ती म्हणाली. "दूध तापव."