आधी बटण बघा

हेल्पलाइनवर बावीस वर्षं बसून बाईंनी लोकांचे अडलेले लॅपटॉप फोनवरून सुरू करून दिले. ऑफिसातली नवी मंडळी त्यांना मागून मास्तरीणबाई म्हणायची. ते त्यांच्या कानावर होतं आणि मनातून आवडतही होतं. गिऱ्हाईक म्हणालं, "दोनदा बंद करून चालू केलाय," की बाईंना नुसत्या आवाजावरून कळायचं, यानं एकदाही केलेला नाही. मग फोनवर साखर पेरून बोलायचं आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच गिऱ्हाइकाची नक्कल करून सगळ्यांना लोळवायचं, हा त्यांचा शिरस्ता. निरोपाच्या दिवशीसुद्धा भाषणाऐवजी लोकांनी नकलाच मागितल्या.

निवृत्तीला दोन महिने झाले आणि ऑफिसातून विचारणा आली. नव्या तुकडीला घरबसल्या, व्हिडिओवरून एक तास शिकवाल का? गुरुवारी अकराला. विषय, लॅपटॉपला वायफाय दिसत नसेल तर काय करावं. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाईंनी होकार देऊन टाकला. वर, "त्यात काय एवढं, झोपेतही सांगेन," असंही म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी टेबल आवरलं. मागे पुस्तकांचं कपाट दिसेल अशी खुर्ची सरकवली. आपला जुना पण दणकट लॅपटॉप ओलसर फडक्यानं कडाकोपऱ्यांसकट लख्ख पुसला. साडेनऊला चालू केला, तर नेटवर्कची यादी रिकामी. घरचं नाव नाही ते नाहीच, शेजाऱ्यांचंही नाही. एरवी वरच्या मजल्यावरचा दातांचा दवाखाना, समोरचा शिंपी आणि कुणा खवचट माणसानं 'स्वतःचं घ्या' असं नाव दिलेलं, अशी सात-आठ नेटवर्क रांगेत उभी असायची. आज चिटपाखरू नाही.

बाईंनी सगळ्यात आधी तेच केलं जे करू नका म्हणून त्या जगाला सांगत आल्या होत्या. दुसऱ्यावर आळ घेतला. हॉलमध्ये जाऊन वायफायचा डबा बंद केला. तिथे सासूबाई फोनवर बागकामाचा व्हिडिओ बघत बसल्या होत्या. चित्र गोल गोल फिरायला लागलं.

"अगं, गुलाबाची छाटणी अर्धीच राहिली," त्या म्हणाल्या.

बाईंनी सांगितलं की नेट गेलंय. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, मग माझं आत्तापर्यंत कसं चालू होतं? प्रश्न बिनतोड होता. फोनला दिसतं आणि लॅपटॉपला दिसत नाही, म्हणजे दोष लॅपटॉपमध्ये. हे वाक्य बाईंनी आयुष्यात काही हजार वेळा उच्चारलं असेल. पण या वेळी त्या म्हणाल्या, "फोनचं वेगळं असतं, आई," आणि डबा पुन्हा चालू करून निघून आल्या.

मग लॅपटॉप बंद-चालू झाला. दोनदा, खरोखरच दोनदा. वायफाय चालवणारा प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. यादी रिकामीच. दहा वाजून गेले तशी बाईंची बुद्धी चरायला गेली. त्यांनी चष्म्याचा बारका स्क्रूड्रायव्हर काढला, लॅपटॉप पालथा घातला आणि अकरा स्क्रू काढून पाठ उघडली. आत डोकावल्या. बराच वेळ डोकावत राहिल्या. काय बघायचं तेच माहीत नव्हतं. बावीस वर्षांत त्यांनी दुरुस्त्या केल्या त्या तोंडानं. हातानं एकही नाही. पाठ पुन्हा बसवली तेव्हा स्क्रू दहाच लागले. अकरावा त्यांनी कुणी बघत नाही असं पाहून ड्रॉवरमध्ये टाकला.

दहा पस्तीस. फोनवरून तास घेता आला असता. पण वायफाय कसं जोडायचं हे शिकवणारी बाई स्वतः फोनवरून का आली, असं एखाद्यानं विचारलं तर? त्यापेक्षा मेलेलं बरं. आता उरली हेल्पलाइन. त्यांचीच.

बाईंनी आवाज बारीक केला आणि नाव सासूबाईंचं सांगितलं. पलीकडे एक मुलगी होती, आवाज अगदी नवा. तिनं विचारलं, बंद करून चालू केलात का?

"दोनदा," बाई म्हणाल्या, आणि आपल्याच कानांना ते धादांत खोटं वाटलं.

मुलीनं विचारलं, पुढच्या कडेला एक छोटं सरकतं बटण आहे का?

"ते मी आधीच पाहिलंय." हे मात्र खरंच खोटं होतं. बटण त्यांच्या मनगटाखाली होतं आणि त्यांना ते आठवलंही नव्हतं.

"पाहिलंच असणार तुम्ही," मुलगी म्हणाली. "पण त्या खाचेत कधीकधी धूळ बसते. एकदा डावीकडे, मग उजवीकडे सरकवा आणि हलकी फुंकर मारा."

खाचेत धूळबीळ काही नसते. बंद बटण माणसाला चारचौघांत शरम न वाटता चालू करता यावं, म्हणून ही धूळ बाईंनीच पंधरा वर्षांपूर्वी शोधून काढली होती आणि हेल्पलाइनच्या माहितीपुस्तिकेत घातली होती. सकाळी कडा पुसताना फडक्यानं बटण सरकलं होतं, एवढाच सगळा बिघाड. त्यांनी ते सरकवलं. फुंकरही मारली, इमानदारीत. निळा दिवा लागला आणि घरचं नाव, दवाखाना, शिंपी, 'स्वतःचं घ्या', सगळे हजर झाले.

"धूळच होती," त्या म्हणाल्या.

"होतं तसं," मुलगी म्हणाली. हसली नाही. आणि मग, "मॅडम, अकराला तुमचाच तास आहे ना? आम्ही वाट बघतोय."

फोन करणाऱ्याचा नंबर आणि नाव समोर पडद्यावर झळकतं, हे बाई साफ विसरल्या होत्या. बारीक केलेला आवाज आपोआप जागेवर आला. "तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो मॅडम. पण गिऱ्हाईक जे नाव सांगेल तेच आपलं, असं तुम्हीच लिहून ठेवलंय."

अकराला पडद्यावर चौदा चेहरे उमटले. बाईंनी रात्रभर जागून केलेलं टिपण बाजूला ठेवलं आणि साडेनवापासूनची हकिकत सांगितली. सासूबाईंचा बिनतोड प्रश्न, दहा स्क्रू, उसनं नाव, काही वगळलं नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या नकला केल्या होत्या. स्वतःची करताना मात्र दोनदा आवाज अडखळला. चेहरे हसत होते. फोन घेतलेली ती मुलगी तेवढी खाली बघत होती.

शेवटी एकानं विचारलं, गिऱ्हाईक थाप मारतंय हे ओळखायचं कसं? बाई म्हणाल्या, "ओळखता येतं, ते सोपं आहे. ओळखलंय हे त्याला कळू न देणं अवघड. ते माझ्यापेक्षा तुमच्यातल्याच एकीला विचारा."

तास आवडला. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावणं आलं, या वेळी विषय प्रिंटर. आपल्या घरात प्रिंटर नाही, याचं बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून समाधान वाटलं.