गुलाबरावांचा हुकूमशहा

कोणतंही सोंग घेण्याआधी गुलाबराव त्या सोंगाच्या पाया पडत. मुकुट, मिशी, जे काही असेल ते खुर्चीवर मांडायचं, नारळ फोडायचा आणि हात जोडून म्हणायचं, "चढ बाप्पा, पन संध्याकाळी उतरजो." सौंसरजवळच्या त्यांच्या गावातल्या नाटकांतले झाडून सगळे राक्षस आणि दुष्ट राजे त्यांनीच केलेले. बाकी वेळ ते संत्र्याच्या बागेत असायचे. यंदा ती बाग मुलाच्या हवाली करून ते मुलीकडे छिंदवाड्याला राहायला गेले, म्हणून हे लिहायला बसलो.

मी त्यांना पहिल्यांदा नारळ फोडताना पाहिलं, तेव्हा खुर्चीवर जर्मनीच्या त्या हुकूमशहाची टोपी होती. त्याचं नाव मी लिहिणार नाही, त्याची जाहिरात जगात फार झाली. मी तडकलोच. "काकाजी, लाखो माणसं मारणाऱ्याच्या टोपीला नारळ?"

"अबे, मोठा गुंडा आहे ना हा? मंग यालेच आधी सांगून ठेवा लागते उतराचं!"

आम्ही वस्तीतली बौद्ध पोरं. लोकांच्या हक्कांची पत्रकं छापायची, बसस्टँडवर वाटायची, हे आमचं काम. लोक त्या पत्रकांत फुटाणे बांधून न्यायचे. आणि ज्या चहाच्या टपरीवर फुटाणे खायचे, तिथेच बसून म्हणायचे, "या देशाले एक हुकूमशहाच पायजे!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. आपल्याच पाठीसाठी चाबूक मागायचा, तोही कटिंग पीत! शेवटी ठरवलं, लोक वाचत नाहीत ना, मग दाखवू. लग्नांचं शूटिंग करणाऱ्या पांढुर्ण्याच्या व्हिडिओवाल्याला बोलावलं, बँडपार्टीचा कोट आणला, त्याच्या झालरी उसवल्या आणि हुकूमशहावरचा सिनेमा काढायला घेतला.

आणि गुलाबरावांनी काय म्हणावं? "मले तं वाटते असा एक पायजेच. बस टायमावर येईन." त्यांना तिथेच काढून टाकणार होतो. पण आमच्यात अभिनय येणारा दुसरा होता कोण?

विदेशी सिनेमांतले हुकूमशहा मी व्हिडिओवर पाहिले होते. टेबल आपटतात, डोळे फिरवतात, तोंडाला फेस आणतात. मला तसाच हवा होता. गुलाबरावांनी एकदा करून पाहिलं आणि खाली बसले.

"असा भुकला तं बैलबी दावं तोडून पळन. एवढे लोक त्याच्यापाशी थांबले काऊन मंग?"

"तुम्ही त्याला माणूस करून राहिलात, काकाजी!"

"मानूसच होता ना बे. राक्षस तं मी लय केले. पोट्टे येऊन माह्यी शेपटी वढत."

पुस्तकं जाळण्याचा प्रसंग कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या आवारात घेतला. भिंतीशी जाळायच्या रद्दीचं पोतं होतं. शेजारी, सुतळीने बांधलेला, आमच्या नव्या पत्रकांचा गठ्ठा. गुलाबराव खुर्चीवर बसून संत्रं सोलत होते. ओरडणं नाही, काही नाही. आमच्यातल्या सगळ्यात कडक घोषणा देणाऱ्या प्रकाशला ते हळूच म्हणाले, "प्रकाश, बाळा, तो गठ्ठा आन." आणि बोट दाखवलं ते नेमकं पत्रकांकडे.

प्रकाशने गठ्ठा आणला. सुतळी तोडली. आगीत टाकला. बाकीच्या पोरांनी काटक्यांनी नीट सारून दिला. कागद पेटला, काळी अक्षरं वर आली, तेव्हा मी कॅमेऱ्यामागून किंचाळलो, "अरे, ही आपली पत्रकं आहेत!"

गुलाबराव ताडकन उठले. "मले तं रद्दीच वाटली. प्रकाश, तुले मालूम होतं?"

"हो काकाजी. मीच आणली ना प्रेसमधून."

"मंग बोलला काऊन नाही?"

"तुम्ही सांगतलं म्हणून…"

गुलाबरावांनी टोपी काढली. हातातलं संत्रं तसंच राहिलं. ते राखेपाशी गेले. मग म्हणाले, "एकबी पोट्टा 'नाही' म्हनला नाही. अन् मी कोन? बँडवाल्याचा कोट घातलेला गुलाब्या." त्यानंतर त्यांनी अट घातली. सिनेमात एक 'नाही' म्हणणारा पाहिजे, तरच पुढचं काम. आणि तो प्रकाशच पाहिजे.

रद्दीचा दुसरा गठ्ठा बांधून ठेवला. प्रकाशला जमेना. मोर्चात कलेक्टरच्या नावाने बोंबलणारा हा गडी, पण समोर गुलाबराव गोड हसून "बाळा, आन ना" म्हणाले की मान खाली. कधी हसू फुटायचं, कधी पाय आपोआप गठ्ठ्याकडे वळायचे. गुलाबराव टोपीतूनच ओरडायचे, "जोरानं म्हन बे! मी काय तुहा बाप हावो?" व्हिडिओवाला कॅसेट संपेल म्हणून कुरकुरायला लागला. शेवटी प्रकाशने डोळे मिटले आणि "नाही!" असा ओरडला, की भिंतीवरची कबुतरं उडाली. गुलाबरावांचं हसू जागच्या जागी राहिलं आणि डोळ्यांत भीती आली. एवढीशीच. तशी मी विदेशी सिनेमातही पाहिली नाही.

सिनेमा वस्तीच्या चौकात दाखवला. गावातलेही पुष्कळ लोक आले. पडद्यावर गुलाबराव मऊ आवाजात बोलू लागले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! टपरीवाला सुरेश म्हणाला, "वा! मानूस असा पायजे!" मी मनात म्हटलं, गेलं सगळं पाण्यात.

पुढे पत्रकं जळाली. टाळ्या थांबल्या. मग प्रकाश "नाही" म्हणाला, आणि हुकूमशहा भ्याला. कापूस वेचायला जाणाऱ्या कौतिकाबाई शेजारणीला म्हणाल्या, "पाह्य वं, पोराच्या एका शब्दाले भेला थो!" पहिली टाळी पुढच्या रांगेतून आली. गुलाबराव स्वतःच हात डोक्यावर नेऊन वाजवत होते. मग सगळेच वाजवू लागले. सुरेशसुद्धा.

"काकाजी," तो म्हणाला, "तुमीच हारले अन् तुमीच टाळ्या वाजवून राहिले?"

"मंग?" गुलाबराव म्हणाले. "किती मेहनतीनं हारलो बाप्पा!"