काकाजींच्या गाडीचा दांडा

परवा काकाजींच्या गाडीवर बसलो आणि गिअर शोधत माझा डावा पाय हवेतच फिरत राहिला.

त्या गाडीला पायाचा गिअर नाहीच. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी पाय शोधत राहिला.

आज काकाजींना जाऊन एक वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काकाजी म्हणजे माझे सख्खे काका. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय कायमचा अधू राहिला. मोटारसायकलचा गिअर पडतो डाव्या पायाने. म्हणून त्यांनी पेडल काढून टाकलं, त्या जागी लोखंडी दांडा जोडला आणि तो टाकीवरून वळवून उजव्या हाताजवळ आणला.

डाव्या हाताने क्लच दाबायचा. उजवा हात ॲक्सिलरेटरवरून काढायचा, दांडा ओढायचा, हात परत जागेवर.

हे सगळं मागे वांग्यांची कॅरेट आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून. पवनार ते वर्धा, रोज पहाटे.

मागे दोन जादा चाकं लावा, असं सगळे सांगायचे. काकाजी म्हणायचे, "बांधावरून दोन चाकंच मुश्किलीनं जातात बाप्पा, चार कुठी नेऊ?"

साइड स्टँडही त्यांनी उजव्या बाजूला लावून घेतला होता, कारण टेकायला तोच पाय. बाजारात सगळ्या गाड्या डावीकडे झुकलेल्या आणि यांची एकटीच उजवीकडे.

कोणी चिडवलं, "काकाजी, गाडी उलटी काऊन लावली?" की म्हणायचे, "माही सरळच आहे. तुमच्याच साऱ्या चुकून राह्यल्या."

मागच्या वर्षी वावरातच छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

तेव्हापासून गाडी गोठ्यात, ताडपत्रीखाली.

भंगारवाला दोनदा येऊन गेला. काकू मला म्हणाल्या, "वर्षश्राद्धाच्या आत गाडीचं काय ते ठरव. मले तिले असं सडताना पाहवत नाई."

मी ठरवणार म्हणजे काय, ते माझ्या मित्रांना माहीत आहे. दुकानातून घरी आल्यावर कुलूप लावलं का, ते पाहायला मी परत जातो. मी आधी गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. दांड्याची लांबी मोजली, वळण कुठून सुरू होतं ते मोजलं. काही हललं तर परत तसंच बसवता यावं म्हणून.

मग मेकॅनिकला घरी आणलं. टाकी आतून गंजलेली, कार्बोरेटर जाम, सीटचा फोम उंदरांनी कुरतडलेला, टायर गेलेले. त्याने किक मारून कान लावला.

"इंजिनात जीव आहे बे. बाकी सारं होते. फक्त हा दांडा काढून फेकू, पेडल लावून देतो. मग चालवजो आरामात."

मी म्हणालो, "दांडा काढायचा नाही. जशी होती तशीच पाहिजे."

"मग चालवन कोण?"

मी दांड्यावरची धूळ पुसली.

"फक्त पाहाले ठेवाची असन तर कशाले पैसे घालते? पुसून ठेव ना."

तो गेला आणि मी अडकलो. दांडा काढला तर गाडी वाचते, पण ती काकाजींची राहत नाही. दांडा ठेवला तर काकाजींची राहते, पण कोणाच्याच कामाची नाही.

मग अल्लीपूरचे देवरावभाऊ आले. काकाजींची आणि त्यांची ओळख बाजारातली. तेही भाजी विकतात. त्यांचाही डावा पाय तसाच. माल घेऊन ऑटोने येतात, आणि ऑटोवाला थांबला तर थांबला.

"काकाजींची गाडी पाहून जातो फक्त," म्हणाले.

मी ताडपत्री काढली. ते हळूच बसले, क्लच दाबला, उजवा हात दांड्याकडे नेला.

पोचला नाही.

काकाजी उंच होते, हात लांब. देवरावभाऊ बसक्या बांध्याचे. पुढे वाकले तेव्हा बोटं कशीबशी लागली. ते उतरले.

"राहू द्या. माह्या मापाची नाई."

खरं लिहितो, मला हायसं वाटलं.

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "काऊन उतरले भाऊ?"

"हात पुरत नाई, वहिनी."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मग दांडा वाकवून देजो ना त्याईले."

"काकू, तो काकाजींनी स्वतः..."

"मले सांगतं काय? तो वाकवला तेव्हा गाडी धरून मीच उभी होती. पहिल्यांदा टाकीले लागला. मग गुडघ्याले लागाचा. भट्टीत घाल, काढ, बसून पाहा, पुन्हा घाल. हात भाजून घेतला त्याईनं. त्याईच्यासाठी इतक्यांदा वाकला, तर याईच्यासाठी आणिक एकदा वाकन."

मग जरा थांबून म्हणाल्या, "तू काय देव्हाऱ्यात ठेवतं त्याले?"

मी ताडपत्रीची घडी करून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला फोन केला. सगळं काम करायचं, दांडा ठेवायचा, फक्त वाकवायचा.

वेल्डरकडे मी गाडी धरून उभा राहिलो. लोखंड लाल झालं. देवरावभाऊ बसले, उतरले, परत बसले. शेवटी दांडा सरकला तो जेमतेम चार बोटं.

आरटीओत कागद कसे व्हायचे, ही चिंता मला आहेच. करून घेईन.

काल ते गाडी न्यायला आले. काकूंनी आतून कुंकवाचा करंडा आणला आणि स्वतःच्या हाताने हँडलला कुंकू लावलं. वर्षभरात त्यांनी त्या करंड्याला हात लावला नव्हता. माझी आई जरा चपापली.

देवरावभाऊ निघाले तेव्हा पहिल्या गिअरला गाडीने हिसका दिला. दुसरा अलगद पडला.

काकाजी, तुमच्या हाताचं माप मी मोडलं. काकूंच्या सांगण्यावरून मोडलं.

तुमच्या आठवणीला मनापासून नमस्कार.