चर्चेअंती मंजूर

नगरपालिकेच्या सभागृहात तो बावीस वर्षं माईक सांभाळत होता. सगळे त्याला माईकवालाच म्हणत. चिडली की बायकोसुद्धा. अध्यक्षांनी चष्मा काढला की बोलणाऱ्याचा आवाज बंद करायचा, हे त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

रुळांवरचा पादचारी पूल पाडून बाजारासाठी रस्ता काढायचं ठरलं. ठरल्यावर जनसुनावणी ठेवली. ठराव आधीच टाइप झालेला : 'सविस्तर चर्चेअंती मंजूर'. त्याच्या झेरॉक्स माईकवाल्यानंच काढल्या होत्या.

पहिल्या उठल्या त्या निवृत्त नर्सबाई. "पूल गेला की खालच्या वस्तीतले लोक रुळांवरून जाणार. वळणावर गाडी दिसत नाही. पूल नव्हता तेव्हा तिथून आणलेली माणसं मी या हातांनी पुसली आहेत..."

अध्यक्षांनी चष्मा काढला.

माईकवाल्याचा हात बटणावर गेला आणि तिथेच थांबला.

"आमचं म्हणणं खोडून काढा," नर्सबाई म्हणाल्या, "मग हरलो तरी निमूट घरी जाऊ. न ऐकताच हरवलंत, तर तो ठराव आमचा कसा?"

मागच्या बाकावरून एक सदस्य उठला. "गाडी वळणावर किती आधी दिसते?" त्यानं इंजिनिअरला विचारलं. इंजिनिअरला सांगता येईना. दहा मिनिटं माणसं एकमेकांना विचारत होती, ऐकत होती. मग कुणीतरी माईकची वायरच उपटली आणि मतदान उरकलं. विरोधात एकच हात.

दुसऱ्या दिवशी माईकवाल्याला घरी बसवलं.

"नसती उठाठेव कुणी सांगितली होती?" बायको म्हणाली.

"बाई खोटं बोलत नव्हत्या गं."

"मग? वाचला का पूल?"



पूल पाडला. चौथ्या महिन्यात त्या वळणावर माईकवाल्याच्याच गल्लीतला शिंपी गाडीखाली गेला. सुनावणीच्या यादीत त्याचं नाव सातवं होतं. त्याची पाळी आलीच नव्हती.

पुढची सुनावणी दवाखाना हलवण्याची. माईकवाला लोकांच्या बाकावर बसला, नाव दिलं, उभा राहिला. दोन वाक्यं झाली आणि आवाज गेला. माईकच्या खोक्यामागच्या नव्या माणसानं मान खाली घातली. माईकवाला घसा ताणून बोलतच राहिला. पुढच्या दोन रांगांना काय ते ऐकू गेलं.

सभेच्या इतिवृत्तात त्याचं नाव आलं नाही.