मामांच्या पुस्तकात कुणी मरत नसे

पडद्यावर मेलेल्या यच्चयावत माणसांना जिवंत करून संध्याकाळी जेवायला घरी पाठवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या थोरल्या वहिनीचे मामा; मी त्यांच्याच घरी राहत असे. बेंगळुरात शिवाजीनगरच्या बाजारामागं त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि उरलेल्या वेळात ते सिनेमांची पुस्तकं लिहीत. त्या काळी मारामारीचा नवा हिंदी सिनेमा लागला, की त्याची गोष्ट मराठीत लिहून, लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात छापून, थिएटरच्या दाराशी आणि बेळगाव-निपाणीकडच्या बाजारांत विकायची पद्धत होती. मामांच्या पुस्तकात नावं बरोबर असत, गाणी बरोबर असत, फक्त कुणी मरत नसे. खलनायक कड्यावरून कोसळला तर खाली गवताची गाडी उभी असे. नायकाच्या मित्राला छातीत गोळी लागली तर ती नेमकी खिशातल्या अडकित्त्यावर बसे. एका पुस्तकात तर लढाईत कामी आलेली अख्खी पलटण शेवटच्या पानावर आंघोळी करून पंगतीला बसली होती. थिएटरातून बाहेर पडलेली माणसं पुस्तक वाचून थेट दुकानात भांडायला येत. येलहंक्याहून आलेल्या एका गृहस्थांनी तर हात जोडले. म्हणाले, ‘‘अहो, तो मेला की नाही ते एकदा नक्की सांगा.’’ मामा टाके घालता घालता म्हणाले, ‘‘दवाखान्यात आहे. बरा होईल सावकाश.’’

ह्या सगळ्याच्या मुळाशी अक्का होत्या, मामांच्या थोरल्या बहीण. विशीच्या आत त्यांचा नवरा गेला, पाठोपाठ तापानं तान्हा मुलगा गेला, आणि त्या माहेरी परत आल्या त्या आईवेगळ्या मामांना वाढवायलाच. विधवेनं थिएटरात पाऊल टाकायचं नाही, असा आमच्या लोकांत दंडक होता. तो कुणी घातला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे मोडायची परवानगी कुणाकडे मागावी हेही कळत नव्हतं. म्हणून मामा सिनेमा बघून येत आणि ओसरीवर बसून तो अक्कांना सांगत. पहिल्यांदा सांगितला त्यात एक लहान मूल दगावत होतं. अक्कांचा तांदूळ निवडणारा हात थांबला. ‘‘मग त्याच्या आईचं पुढं काय झालं रे?’’ त्यांनी विचारलं. अक्का त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मामा बाहेरून आले ते ओरडतच, ‘‘अक्का, काल मी मधेच उठून आलो होतो. आज विचारून आलो. मूल वाचलं बघ!’’ अक्का म्हणाल्या, ‘‘सरी, बरं झालं. मग वाढ आता.’’ पुढं छापखान्याच्या मालकांनी ह्या गोष्टी लिहून मागितल्या, तेव्हा मामांनी त्या अक्कांना सांगितल्या होत्या तशाच लिहून दिल्या.

आता मारामारीच्या सिनेमांत हे एकवेळ खपून गेलं. पण मग तो उडणाऱ्या माणसाचा सिनेमा आला. काळा बुरखा, खांद्यावर झगा, आणि हात पुढं करून आभाळातून जाणारा नायक. सिनेमात सुरुवातीलाच गुंड त्याचं घर पेटवतात, आई जळून मरते, तिच्या चितेपाशी तो शपथ घेतो आणि एका साधूच्या कृपेनं उडायला लागतो. आई मेली नाही तर पुढचं काहीच घडत नाही. मामांनी दुकानाची फळी लावून घेतली आणि दिवसच्या दिवस कपाळ धरून बसले. गिऱ्हाइकांच्या विजारी एका पायाच्या राहिल्या. शेवटी पुस्तक निघालं. त्यात आई मागच्या दारानं सुखरूप बाहेर पडते. तिचे गुडघे दुखतात, बाजार लांब आहे, म्हणून मुलगा तिचा आशीर्वाद घेऊन उडतो. जाता येता दुष्टांचा समाचार घेतो, पण दिवेलागणीला घरी येतो. त्याच्या झग्यावर मामांनी दोन पानं खर्ची घातली होती. झग्याला आतून जाड अस्तर होतं, कारण वर गारठा फार.

छापखान्याचे मालक डोक्याला हात लावून म्हणाले, ‘‘अहो, आई जिवंत असेल तर हा उडतो कशाला?’’

‘‘आई जिवंत आहे म्हणून तर परत येतो,’’ मामा म्हणाले. ‘‘नाहीतर बिचारा उतरायचा कुठं?’’

मी तेव्हा हसलो होतो. अक्कांनी मात्र ते पुस्तक पानं सुटेपर्यंत वाचलं.

काही वर्षांनी तोच सिनेमा पुन्हा लागला. तोवर अक्का थकल्या होत्या, डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगितलं होतं, आणि दंडक सांभाळणारी माणसंही एकेक करून निघून गेली होती. एके दिवशी अक्का आपणहून म्हणाल्या, ‘‘मला त्या उडणाऱ्याला एकदा बघायचंय. त्याच्या आईलाही बघेन.’’ मामांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळा जन्म ह्या बाईपासून त्यांनी मरण लपवलं होतं आणि आता ते तिला पडद्याएवढं मोठं दिसणार होतं. आधी त्यांनी तिकिटं संपल्याचं सांगितलं, मग मशीन बिघडल्याचं, मग मशीन चालवणारा आजारी पडल्याचं. अक्का म्हणाल्या, ‘‘सगळ्यांना बरं वाटू दे. मग जाऊ.’’ अखेर एका दुपारी आम्ही तिघं जटक्यात, म्हणजे तिकडच्या टांग्यात, बसलो. आगीचा प्रसंग हुकावा म्हणून मामा जटकेवाल्याला लांबच्या रस्त्यानं पिटाळत होते, मधेच उतरून फुलं घेत होते, घोड्याला पाणी पाजायचा आग्रह करत होते. तरी आम्ही पोचलो तेव्हा पडद्यावर अजून जाहिराती चालल्या होत्या.

घर पेटलं. आई किंचाळली. मामांनी अक्कांचा हात घट्ट धरला आणि शेजारच्यांनाही ऐकू जाईल असं कुजबुजले, ‘‘मागं दार आहे तिथं अक्का. दाखवलं नाही त्यांनी.’’

अक्का पडद्याकडेच बघत होत्या. ‘‘ठाऊक आहे रे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गेली असेल ती तिकडनं. तू स्वल्प गप्प बस, मला बघू दे.’’

बाहेर उन्हात आल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘तुझं पुस्तकच बरं. ह्या सिनेमावाल्यांना सगळं माहीत नाही. झग्याला अस्तरसुद्धा नव्हतं बघ.’’ त्यांनी मामांवर विश्वास ठेवला होता, की मामांना सांभाळून घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. मामा मात्र घरी येईपर्यंत लहान मुलासारखे रडत होते, आणि अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत जटकेवाल्याला वाट सांगत होत्या.

त्याच वर्षी हिवाळ्यात अक्का गेल्या. बेळगावाकडून, धारवाडाकडून नातेवाईक भेटायला येत राहिले. मामा ओसरीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगत. ‘‘पहाटे उठली. देवाला फुलं वाहिली. मग कॉफी मागितली. मी करून दिली. पेला हातात घेतला, म्हणाली, छान झालीय...’’ एवढं सांगून ते थांबत. आलेला माणूस वाट बघे. मग हलकेच विचारी, ‘‘मग?’’ मामा म्हणत, ‘‘मग ओसरीवर ऊन आलं.’’ आणि त्याला बसायला चटई सारत.

पुढचं मला सांगावं लागे. पेला कसा निसटला, डॉक्टर यायच्या आधीच कसं सगळं आटोपलं. मी सांगत असताना मामा माझ्या तोंडाकडे बघत बसत. दर वेळी, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे. एखादे वेळी तरी मी दुसरं काही सांगेन, अशी त्यांना आशा वाटत असावी. मला ते जमलं नाही.