मेट्रोची बंदूक अडली

कॅनोरा गावाच्या आसपास थंडीत कुणाची बंदूक अडली की तो मेट्रो लोझिन्स्कीचं दार ठोठावायचा. एक बार उडाला की दुसरं काडतूस आपोआप चढवणारी बंदूक गारठ्यात फार नखरे करते. आतलं तेल मधासारखं घट्ट होतं, काडतूस आत ढकलणारा बोल्ट पेंगत पुढे सरकतो आणि बदकं डोक्यावर असताना नुसता टक आवाज येतो. "पुसून काढ ते तेल," मेट्रो खेकसायचा, "बंदूक आहे ती, लोण्यात घोळवून खायची पेरोगी नव्हे!" त्याची स्वतःची बंदूक कधीच अडली नव्हती.

त्या सप्टेंबरात त्याची बायको स्टेफ्का गेली. मेट्रो रडला नाही. शेजाऱ्यांनी आणलेलं जेवण जेवला, भांडी घासून परत केली, उरलेली कापणी उरकली. कुणी विचारलं की म्हणायचा, "ठीक आहे." दात काढताना सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसा तो सगळाच झाला होता.

नोव्हेंबरात वॉल्टर आला. शाळेपासूनचा दोस्त.

"उद्या पहाटे बदकांच्या शिकारीला जाऊ."

"तू जा."

"आणि मी भांडू कुणाशी? येतोस मुकाट्याने."

दुसऱ्या दिवशी दोघं बार्लीच्या धसकटात आडवे पडले. उजाडताच बदकं उतरू लागली. वॉल्टरने दोन पाडली. मेट्रोने चाप ओढला. टक.

वॉल्टरने तोंड उघडलं. मेट्रोची बंदूक अडली, हा टोमणा त्याने आयुष्यभर जपून ठेवला होता. पण मेट्रोच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने तो गिळला. "काडतूस खराब असेल," तो म्हणाला.

"काडतूस चांगलं आहे. आत बर्फ झालाय."

गाडीच्या मागच्या फळीवर मेट्रोने बंदूक रिकामी करून खोलली. बोल्टवर पांढरी साय धरली होती.

"घरात नेली होतीस?" वॉल्टरला खरं वाटेना. "तू?"

"काल अंगणात तपासली, तशीच आत नेली. रात्रभर स्वयंपाकघरात होती. उबेत तिला घाम सुटला, तोच इथे गोठला."

"आम्हाला तर शिव्या घालतोस, बंदूक पडवीतच ठेवा म्हणून."

"ते स्टेफ्काचं. बंदुकीने फरशी खराब होते म्हणून दारातच ओरडायची. मी पडवीत ठेवायचो. लोकांना वाटायचं, मेट्रो हुशार." त्याने बोल्ट बाहेर काढला. "काल कुणी ओरडलंच नाही."

वॉल्टरने गाडीतली शेगडीच्या इंधनाची बाटली पुढे केली. मेट्रोने हातमोजे काढले, बोल्ट धुतला, स्प्रिंग धुतली, फडक्याने कोरडी केली. तेल लावलंच नाही.

"अरे, रक्त येतंय!"

मेट्रोने हाताकडे पाहिलं. अंगठा चिरला होता. कधी, ते त्याला कळलं नव्हतं. वॉल्टरने रुमाल बांधला.

नंतर बंदूक नीट चालली. बदकांतला एक नर पडला. मेट्रोने तो पिशवीत टाकला, तेवढंच.

दुपारी वॉल्टरच्या बायकोने, ओल्गाने, दोघांपुढे बोर्श्टचे, बीटाच्या गरम सुपाचे, वाडगे ठेवले. मेट्रोने वाडग्याला दोन्ही हात लावले आणि थोड्या वेळाने गारठलेल्या बोटांत कळा सुरू झाल्या, डोळ्यांत पाणी येईल अशा.

"काय झालं रे?" ओल्गाने विचारलं.

"बोटं."

"तिखट मुळा घालू का आणखी? त्याने डोळ्यांत पाणी आलं तर कुणी कारण विचारत नाही."

"घाल," मेट्रो म्हणाला आणि जेवत राहिला.