एका कॅमेऱ्याच्या दोन पिशव्या

वेल्ह्याच्या वाटेवर फटफटीचा आवाज आला की विंझरच्या बाया खुरपं थांबवून एकमेकींना विचारत, "लगीन हाय का मयत?" फटफटीवर भोरचा साहेबराव फोटोवाला असे, आणि या दोन कामांखेरीज त्या रस्त्याला त्याला कुणी बोलावत नसे.

त्यातही मयतंच जास्त. माणूस हिंडतं-फिरतं असेपर्यंत त्याचा फोटो काढावा असं कुणाच्या मनात येत नसे. गेलं की एकदम ध्यानात येई की आता हे तोंड कुठंच उरणार नाही. मग कुणीतरी सायकल हाणत भोर गाठी, आणि साहेबराव पोचेपर्यंत उचलायचं थांबवून ठेवत. मढ्याला नवं धोतर नेसवून, पागोटं घालून, भिंतीशी खुर्चीत बसवलेलं असे. तो हनुवटीखाली दोन बोटं घालून मान सरळ करी, माशी हाकलून देई, मग कॅमेऱ्यात बघे. शेजारी घरची माणसं उभी राहत. ती रडण्यानं हलत आणि पुसट येत. नीट येई ते फक्त मेलेलं माणूस.

फटफटी लिलावातली, जुनी. मागच्या दोन्ही अंगांना लोहाराकडून पत्र्याचे डबे कायमचे ठोकून घेतलेले. म्हणून त्याच्या बायकोनं, भामाबाईनं, कॅमेऱ्यासाठी डब्यात चपखल बसेल अशी पिशवी शिवली. आतून मेणकापड, वरून पांढरा मांजरपाट, उचलायला दोन बंद. डबा बाहेर धुळीत-चिखलात राही. साहेबराव तेवढी पिशवी काढून लोकांच्या घरात जाई.

सुरुवातीला पिशवी एकच होती. विंझरच्या एका लग्नात नवरीच्या आजीनं ती ओळखली. आदल्याच दिवशी पलीकडच्या वाडीत, मयताच्या ओट्यावर तिनं ती पाहिली होती.

"ती झोळी मांडवात आणू नगंस बाबा."

"धुतलीया की, आजी."

"मढंबी धुत्यात."

मांडवातली माणसं हसली, आणि साहेबराव अक्षता पडायच्या आत माघारी फिरला.

भामाबाईनं ऐकलं तेव्हा तीही हसली. मग तिनं आपल्या जुन्या चोळ्यांची फुलाफुलांची कापडं जोडून दुसरी पिशवी शिवली. फुलांची लग्नाला, पांढरी मयताला. पांढरीनं आपल्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, ती डब्यातच राहील. अंगणात कॅमेरा फुलांच्या पिशवीत घालायचा आणि मग आत यायचं, असा नेम तिनंच घालून दिला. विंझरच्या आजीनं पुढच्या लग्नात फुलांची पिशवी बघितली आणि स्वतः पाट दिला. कॅमेरा एक आहे की दोन, हे तिनं विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

"लोकांस्नी पिशवी दिसती," भामाबाई म्हणाली, "आत कोण बगतंय?"

पण ती स्वतः त्या कॅमेऱ्यासमोर कधी बसली नाही. साहेबरावानं पहिल्यांदा विचारलं ते थट्टेत. नंतर तिला खोकला लागला, गळपट्टीची हाडं वर आली, भोरच्या डॉक्टरांनी छाती तपासून साहेबरावाला बाहेर बोलावलं, आणि तो खरंच विचारू लागला. त्यांची लीला तेव्हा दीड वर्षाची होती.

"एकच काढू. दारात बसून."

"न्हाई म्हणते ना. म्या शिवल्यात पिशव्या. मला ठावं हाय आत एकच हाय. त्यात बसल्यात ती समदी. त्यांच्या पंगतीला मला नगा बशवू."

"भामे, काच हाय ती नुसती."

"व्हय. आन् मी नुसती बाई."

काचेत डोकावताना त्यालाही कधीकधी आदल्या फोटोतल्या माणसाची हनुवटी पुढच्या माणसाला लागलेली दिसे.

आषाढात ती अंथरुणाला टेकली. एका संध्याकाळी साहेबराव विंझरहून एक मयत उरकून भिजून आला, पाऊस ओतत होता म्हणून अंगणात न थांबता तसाच घरात शिरला आणि झोपला. सकाळी उन्ह पडलं. भामाबाई भिंतीला धरून उठली, लीलाला उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. पोरगी रडत शेजारच्या रतनबाईकडं गेली. भामाबाई तिच्या पाठीकडं बराच वेळ बघत राहिली.

"आवं," ती म्हणाली, "काढा फोटो."

साहेबराव उभाच राहिला.

"पोरीला ठावं असावं कशी हुते. पर येक आईका. कॅमेरा माज्या म्होरं फुलांच्या पिशवीतनं काडा. ठावं असलं तरी काय झालं. त्या म्हातारीवानी मीबी फसते."

रतनबाईनं तिची वेणी घातली, हिरवं लुगडं नेसवलं, ठसठशीत कुंकू लावलं. कुंकवाखाली चेहरा आणखीच फिका दिसू लागला. दाराशी उन्हात पाट मांडला. लीलाला शेजारी बसवलं. साहेबराव आनंदानं भांबावला होता. ढग यायच्या आत, ती परत नाही म्हणायच्या आत, म्हणून तो अंगणात पळाला, डबा उघडला, हाताला आले ते बंद धरून पिशवी उचलली आणि उंबऱ्याच्या आत आणून तिच्या पायाशी ठेवली.

पांढरी पिशवी. काल रात्रीची, तळाशी अजून ओली.

रतनबाईनं तोंडाला पदर लावला. साहेबरावाला कळलं ते भामाबाईची नजर बघून. ती रागावली नाही. पिशवीकडं तिनं असं बघितलं, जसं दारात आलेल्या ओळखीच्या माणसाकडं बघावं.

"बदलतो. येवढंच की. आता बदलतो."

"ऱ्हाऊ द्या."

"भामे..."

"ऱ्हाऊ द्या म्हनलं ना. उन्ह लागतंय पोरीला."

ती आत गेली, लुगडं सोडून त्याची घडी घातली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. दोघं घरातल्या बाकी सगळ्याबद्दल बोलत, मिठाबद्दल, रॉकेलबद्दल. त्या सकाळीबद्दल कधी नाही.

भाद्रपदात ती गेली. तिचा भाऊ सावळाराम म्हणाला, "दाजी, बशवू का खुर्चीत? तुमी काडा, मी धरतो." माणसांनी खुर्चीसाठी वाट करून दिली. साहेबरावानं आयुष्यात कुणाच्या दारात नकार दिला नव्हता.

"न्हाई," तो म्हणाला. "ती न्हाई म्हनली हुती." आणि तिला उचललं.

लीला सात वर्षांची झाली तशी विचारू लागली, आई कशी होती. साहेबराव काम बाजूला ठेवून सांगे. रंग गव्हाळ, कपाळ आखूड, हसली की एक दात पुढं. दरवेळी तो थोडं जास्तच सांगे, कमी पडू नये म्हणून. त्यात कधी एखाद्या नवरीचे डोळे येत, कधी खुर्चीत टेकवलेल्या एखादीची हनुवटी. कुठलं कुणाचं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"आन् गालावर तीळ," तो म्हणाला. "उजव्या."

"मागल्या बारीला डावा म्हनला हुता, बा."

साहेबरावानं डोळे मिटले. डाव्या गालावर तीळ बसवून बघितला, मग उजव्या. दोन्हीकडं सारखाच शोभला.

"दोनी गालांवर हुता," तो म्हणाला.

पोरीनं मान डोलावली. हे तिला बरं वाटलं.